पहिला घाव पडण्यापूर्वीच ठरतो व्यवहार: स्वयंपाकघराच्या नूतनीकरणासाठी विश्वासार्ह कंत्राटदार कसा निवडावा?

बेंगळुरू: जुना ओटा फोडला, कपाटे उतरवली आणि नळ बंद केला, की घरमालक व कंत्राटदार यांच्यातील तोल बदलतो. तोपर्यंत घरमालकाकडे पैसा असतो, वेळ असतो आणि तीन-चार जणांतून एकाची निवड करण्याची मोकळीकही असते. त्यानंतर घरात स्वयंपाक होत नाही, दिलेली आगाऊ रक्कम अडकलेली असते आणि दुसऱ्याचे अर्धवट काम हाती घेण्यास नवा कंत्राटदार सहसा तयार होत नाही. त्यामुळे कंत्राटदार विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाचे उत्तर पहिला घाव पडण्यापूर्वी आणि शक्यतो कागदावर मिळवावे लागते.

नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक जाणवतो. सांगली-कोल्हापूरकडे किंवा पुण्यात सुतार, गवंडी आणि प्लंबर बहुधा ओळखीतले असतात. काम बिघडले तर कोणाच्या घरी जाऊन विचारायचे, हे ठाऊक असते. परक्या शहरात ही ओळख नसते. तिची जागा मग इमारतीतल्या एखाद्याची शिफारस किंवा मोठ्या कंपनीची जाहिरात घेते. या दोन्ही गोष्टी निवडीची सुरुवात म्हणून उपयोगी आहेत. मात्र पडताळणीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

तीन प्रकारचे कंत्राटदार, तीन प्रकारची जोखीम

बेंगळुरू हे देशातील संघटित गृहसजावट व्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या होमलेन आणि लिवस्पेस या कंपन्यांनी आपला व्यवसाय याच शहरातून उभा केला. दुसरीकडे, म्हैसूर रस्त्यावरील टिंबर यार्ड परिसरात लाकूड आणि प्लायवूडचा जुना बाजार आहे, तर शहराच्या दक्षिणेकडील जिगणी भागात ग्रॅनाइट कापण्याचे असंख्य कारखाने आहेत. ग्राहकापुढे त्यामुळे तीन पर्याय असतात: आराखड्यापासून जोडणीपर्यंत सर्व काम घेणारी कंपनी, स्वतःची कार्यशाळा असलेला स्थानिक व्यावसायिक, किंवा मजुरीवर घरीच काम करणारा सुतार.

कंपनीकडे कागदपत्रे व्यवस्थित असतात, परंतु प्रत्यक्ष जोडणी अनेकदा उपकंत्राटदाराची माणसे करतात. आराखडा दाखवणारी व्यक्ती आणि काम करणारी व्यक्ती वेगळी असते. स्थानिक व्यावसायिक स्वतः कामावर येतो. मात्र एकाच वेळी चार ठिकाणची कामे घेतल्यास चारही रखडतात. सुताराकडून काम करून घेणे स्वस्त पडते, पण साहित्य निवडण्याची आणि गवंडी, प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांच्यात मेळ घालण्याची जबाबदारी घरमालकावर येते. यांपैकी कोणताही पर्याय मुळातच चुकीचा नाही. आपण कोणती जोखीम पत्करत आहोत, हे मात्र आधी समजले पाहिजे.

अस्तित्वाची आणि कामाची पडताळणी

कंत्राटदार कंपनी असेल, तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव, नोंदणीचे वर्ष आणि ती सक्रिय आहे की नाही, हे पाहता येते. जीएसटी क्रमांकाची पडताळणी जीएसटी संकेतस्थळावर विनामूल्य होते. या १५ अंकाक्षरी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकसाठी २९ आणि महाराष्ट्रासाठी २७. संकेतस्थळावर दिसणारे नाव, दरपत्रकावरील नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे मागितले जातात त्या खात्याचे नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. पैसे एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात मागितले जात असतील, तर तेथेच थांबणे योग्य.

जीएसटी क्रमांक नसणे हे अप्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. केवळ सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे त्याला नोंदणी बंधनकारक नसते. मात्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ग्राहकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही. क्रमांक न देता दरपत्रकात कर लावला असेल, तर तो इशारा समजावा. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ हा प्रस्तावही नेहमीचा आहे. ४ लाख रुपयांच्या कामावर १८ टक्के दराने ७२ हजार रुपये वाचल्यासारखे वाटतात; पण त्याबरोबर कोणते साहित्य, किती आणि कोणाकडून घेतले, याचा सर्वांत भक्कम पुरावाही हातचा जातो.

पूर्वीचे काम पाहताना गेल्या महिन्यात पूर्ण झालेले स्वयंपाकघर पाहून फारसे काही कळत नाही. नवे काम बहुधा चांगलेच दिसते. दोन-तीन पावसाळे झालेले काम दाखवण्याची विनंती करावी. तेथे सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला आहे का, दारांच्या बिजागऱ्या सैल होऊन दारे खाली झुकली आहेत का, ट्रॉलींना गंज चढला आहे का आणि कडांची पट्टी सुटली आहे का, हे पाहावे. त्या घरातील लोकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: शेवटचे बिल मूळ दरपत्रकापेक्षा किती वाढले आणि काम संपल्यावर दुरुस्तीसाठी बोलावले तेव्हा माणूस आला का?

दरपत्रकातील चौरस फुटांचा हिशेब

दोन दरपत्रकांतील एकूण रकमांची तुलना बहुतेक वेळा दिशाभूल करते, कारण दोघांनी मोजलेली गोष्ट एकच नसते. समजा, ओट्याखालील कपाटांची लांबी १५ फूट आणि उंची अडीच फूट आहे. दर्शनी क्षेत्रफळ साडेसदतीस चौरस फूट होते. वरची कपाटे १२ फूट लांब आणि २ फूट उंच असतील, तर आणखी २४ चौरस फूट. एकूण साडेएकसष्ट चौरस फूट. उदाहरणादाखल, एकाने सर्वसमावेशक दर २,००० रुपये सांगितला, तर रक्कम १ लाख २३ हजार रुपये होते. दुसऱ्याने १,५०० रुपये सांगितले, तर ती ९२ हजार २५० रुपये होते. दुसरा ३० हजार ७५० रुपयांनी स्वस्त वाटतो. पण त्याच्या दरात ट्रॉली, बिजागऱ्या, हँडल आणि कोपऱ्यातील यंत्रणा धरलेल्या नसतील आणि त्यांचे ४५ हजार रुपये पुढे लागले, तर त्याचे काम १ लाख ३७ हजार २५० रुपयांवर जाते.

म्हणून प्रत्येक कंत्राटदाराकडून एकाच आराखड्यावर बाबनिहाय दरपत्रक घ्यावे. क्षेत्रफळ दर्शनी बाजूचे मोजले आहे की आतील फळ्यांचेही, हे त्यात स्पष्ट असावे. जुना ओटा तोडणे, राडारोडा हलवणे, फरशी, नळजोडणी, वायरिंग, चिमणीचा पाइप आणि सिंकसाठी दगड कापणे या बाबी समाविष्ट आहेत की वेगळ्या, हेही लिहून घ्यावे. तीन दरपत्रकांपैकी एक इतर दोघांपेक्षा फारच कमी असेल, तर त्यातून काय वगळले आहे, हा पहिला प्रश्न असावा.

कारखान्यात कपाटे तयार होणार असतील, तर अंतिम मापे फरशीचे काम झाल्यानंतर घेतली जातात का, हेही विचारावे. भिंतीवर टाइल्स बसल्यावर मापे काही मिलिमीटरने बदलतात आणि तयार कपाटे बसत नाहीत. ही चूक नेमकी कोणाची, यावरून नंतर वाद होतात.

साहित्य: ‘वॉटरप्रूफ’ या शब्दापलीकडे

‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढेच दरपत्रकात लिहिलेले असेल, तर त्याला अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोच्या मानकांमध्ये आयएस ३०३ सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आणि आयएस ७१० मरीन प्लायवूडसाठी आहे. मरीन प्रतीच्या चिकटद्रव्याची कसोटी उकळत्या पाण्यात ७२ तासांची असते. केवळ दमटपणा सोसणाऱ्या प्रतीची चाचणी ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ३ तासांची असते. सिंकखाली आणि ओट्याजवळ कोणती प्रत वापरणार, हे मानक क्रमांकासह लिहून घ्यावे.

साहित्य घरी आल्यावर प्रत्येक फळीवरील आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. नाममुद्रेत ‘७१०’ हा आकडा असणे आणि त्या मानकाचा परवाना असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चिन्ह असलेला कापलेला एखादा तुकडा जपून ठेवावा. वाद ग्राहक आयोगात गेल्यास वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे आणि तेव्हा हा तुकडा उपयोगी पडतो.

स्टीलच्या ट्रॉलींबाबतही असेच आहे. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये निकेलचे प्रमाण सुमारे ८ टक्के असते. २०२ प्रतीत ते कमी असते आणि ती लवकर गंजते. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ प्रत, हा समज चुकीचा आहे; दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या बेंगळुरूच्या अनेक वसाहतींमध्ये नळ आणि सिंकभोवती क्षारांचा थर लवकर साचतो, त्यामुळे तेथे स्टीलच्या आणि नळांच्या प्रतीला विशेष महत्त्व आहे.

वीज, गॅस आणि पाणी

स्वयंपाकघरातील सर्वांत धोकादायक चुका भिंतीआड दडलेल्या असतात. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेते. त्याच वायरवर १,५०० वॉटची किटली लावली, तर भार १५ अँपिअरच्या वर जातो. ओव्हन, शेगडी आणि डिशवॉशर यांच्यासाठी स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी असावी. अंगाला धक्का बसू नये म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घेण्याचा नियम आहे. कर्नाटकात हा परवाना राज्य सरकारचा विद्युत निरीक्षण विभाग देतो. त्याची प्रत मागण्यात संकोच करू नये. एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असेल, तर बेसकॉमकडे तो वाढवून घ्यावा लागतो.

नळाने येणाऱ्या गॅसचा मीटर किंवा वाहिनी हलवण्याचे काम सुताराचे किंवा प्लंबरचे नाही. बेंगळुरूत गेल गॅस ही कंपनी घरगुती जोडण्या देते. बदल तिच्यामार्फतच करून घ्यावा. सिलिंडरची जागा बदलताना वितरकाकडून तपासणी करून घ्यावी. गॅसगळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

टाइल्स बसवण्यापूर्वी नव्या पाणीवाहिन्यांची दाबचाचणी घ्यावी आणि भिंतीतील वाहिन्या व वायरींची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढून ठेवावीत. पुढे चिमणी किंवा कपाट बसवताना भोक कोठे पाडू नये, हे त्यावरून समजते. दाबचाचणीला आणि छायाचित्रांना हरकत घेणाऱ्या कंत्राटदाराविषयी आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही.

पैसा कामाच्या पुढे जाऊ नये

व्यवहारातील तोल राखण्याचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे हप्ते. ४ लाख रुपयांच्या कामाची विभागणी अशी होऊ शकते: करार करताना १० टक्के, म्हणजे ४० हजार रुपये, साहित्य घरी येऊन तपासल्यावर ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, कपाटे बसल्यावर ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, नळ, वीज आणि उपकरणांची जोडणी तपासल्यावर २० टक्के, म्हणजे ८० हजार, आणि काम पूर्ण झाल्यानंतर ३० दिवसांनी उरलेले ४० हजार. शेवटचे १० टक्के राखून ठेवण्यास प्रामाणिक कंत्राटदाराची सहसा हरकत नसते, कारण आपले काम महिनाभर टिकेल याची त्याला खात्री असते.

कारखान्यात माल बनवणाऱ्या अनेक कंपन्या मात्र माल निघण्यापूर्वीच जवळपास सर्व रक्कम मागतात. त्यांच्या मते, एका घराच्या मापाची कपाटे दुसऱ्याला विकता येत नाहीत. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याने सगळी जोखीम ग्राहकावर येते. अशा वेळी जोडणी पूर्ण होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट घालावी. तीही मान्य नसेल, तर काम रद्द केल्यास कोणत्या टप्प्यावर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. ‘आज आरक्षण केल्यास सवलत’ या घाईला बळी पडू नये.

करारात काय असावे?

करार लांबलचक असण्याची गरज नाही. दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, सहीचा आराखडा, बाबनिहाय दरपत्रक, साहित्याची मानके, सुरुवात व समाप्तीची तारीख, हप्ते आणि हमी एवढे पुरेसे आहे. हमीत वस्तूची आणि कारागिरीची अशा दोन वेगळ्या बाबी असतात. बिजागरीच्या उत्पादकाची हमी दार चुकीचे बसवल्यास उपयोगी पडत नाही. कारागिरीची हमी कंत्राटदारानेच द्यायची असते.

विलंबासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम वजा करण्याचे कलम टाकता येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानली जाते आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळू शकते. वाढीव काम सुरू होण्यापूर्वी त्याची किंमत आणि लागणारे दिवस लेखी ठरवावेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार ईमेल किंवा संदेशाद्वारे झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आहे म्हणून अवैध ठरत नाही. तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी संदेशाने पाठवून ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे.

सदनिकेत राहणाऱ्यांनी आणखी दोन बाबी पाहाव्यात. कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा, १९७२ इमारतीची मजबुती धोक्यात येईल अशा कामास मज्जाव करतो. तुळई, स्तंभ किंवा भार पेलणारी भिंत तोडू देणारा कंत्राटदार काम लवकर आटोपत असला तरी संकट घरमालकावरच ओढवतो. तसेच रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंतच्या बांधकाम व कारागिरीच्या दोषांची जबाबदारी विकासकावर असते. नूतनीकरणात मूळ नळवाहिन्या किंवा भिंती बदलल्यास, दोष तुमच्याच कामामुळे निर्माण झाला, असे विकासक म्हणू शकतो. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे आवश्यक आहेत. घरमालकाने स्वतंत्रपणे नेमलेल्या अंतर्गत सजावटीच्या कंत्राटदाराला रेराची ही तरतूद लागू होत नाही.

राडारोड्याचीही व्यवस्था करारात असावी. बांधकाम कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी हा कचरा निर्माण करणाऱ्यावरच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. तलावाकाठी रात्री रिकामे होणारे पोते कंत्राटदाराचे असले, तरी जाब घरमालकाला विचारला जाऊ शकतो.

वाद झालाच तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गृहबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरण प्रकरणात १९९३ मध्येच स्पष्ट केले होते. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथेही तक्रार करता येते. बेंगळुरूतील सदनिकेच्या कामाबद्दल पुण्यात किंवा नागपुरात राहणारा मालक आपल्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात मान्य केले आहे. केवळ विलंब झाला म्हणून पोलिसांकडे धाव घेतल्यास बहुधा हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले जाते; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो.

कायद्यात विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास ५ महिन्यांत, निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांना याहून अधिक काळ लागतो आणि तोवर घराला स्वयंपाकघराची गरज असतेच. आयोग नुकसानभरपाई देऊ शकतो. अर्धवट ओटा पूर्ण करण्याचे काम मात्र घरमालकालाच दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते. तसे करण्यापूर्वी अपूर्ण कामाची छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत, कंत्राटदाराला लेखी नोटीस देऊन दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी आणि शक्य असल्यास स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल घ्यावा. तक्रारीपूर्वीच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून, आयोगाकडील तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल करता येते.